लाटेआधीचे पाच तास

२८ नोव्हेंबर १९४५. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेतीनच्या सुमारास, आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावर पसनी गावाजवळ, समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेली लाट सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोहोचली. ती साधारण दोन मीटर उंच होती. वर्सोवा आणि हाजीअलीला माणसे बुडाली, दांडा आणि जुहूच्या कोळ्यांच्या होड्या दोर तुटून गेल्या. मुंबईत पंधरा जण वाहून गेल्याचा उल्लेख सापडतो. भूकंप आणि लाट यांच्यात जवळजवळ पाच तास होते. त्या पाच तासांत मुंबईला सावध करील अशी यंत्रणा तेव्हा नव्हती.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. जमिनीवरच्या भूकंपात मृतांपेक्षा जखमी कितीतरी जास्त असतात. मोडलेली हाडे, ढिगाऱ्याखाली चिरडलेले स्नायू, त्यामुळे बंद पडणारी मूत्रपिंडे. रुग्णालयाला करण्यासारखे पुष्कळ असते. सुनामीत हे गणित उलटते. २००४ च्या सुनामीत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. जपानमध्ये २०११ साली नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू बुडून झाले. जे वाचतात त्यांच्या छातीत चिखलाचे पाणी गेलेले असते, जखमा चिघळतात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात २००४ नंतर धनुर्वाताचे शंभरावर रुग्ण निघाले. पण वाचवता येण्याजोगे बहुतेक जीव लाट येण्याआधीच वाचवावे लागतात, आणि ते काम डॉक्टरच्या हातात नसते. ते भूशास्त्रज्ञाच्या हातात असते.

आपल्याकडे भूकंप म्हटले की कोयना आणि किल्लारी आठवते. मकरान निराळे आहे. तिथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली शिरतो आहे. अशा जागेला सबडक्शन झोन म्हणतात. वेग वर्षाला दोन ते चार सेंटिमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात तेवढा. दोन्ही भूपट्ट एकमेकांत अडकून बसतात, वरच्याची कड खालच्याबरोबर ओढली जाते, आणि एके दिवशी ती सुटते. समुद्राचा तळ उसळला की वरचे सगळे पाणी उचलले जाते. १९४५ मध्ये मकरानचा पूर्व भाग सुटला. इराणकडचा पश्चिम भाग शांत आहे. तो ताण साठवतो आहे की हळूहळू सरकून मोकळा होतो आहे, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. मुंबईच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे.

हे उत्तर शोधणाऱ्यांची नोकरी कशी असते, हे पाहण्यासारखे आहे. १९४५ च्या भूकंपाची शास्त्रीय नोंद हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी लिहून ठेवली. त्या काळी भूपट्टांचा सिद्धान्तही नव्हता, तो साठच्या दशकात आला. अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजणारे यंत्र आहे, तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या. त्या सकाळीही कागदावर रेघ उमटली. पुढे बापट, कुलकर्णी आणि गुहा यांनी भारतातल्या भूकंपांची प्राचीन काळापासून १९७९ पर्यंतची सूची तयार केली, ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. असल्या सूचीचे कोणी सत्कार करीत नाही. जुने केसपेपर नीट लावून ठेवणाऱ्या कारकुनाचे तरी कुठे होतात?

मग २०११ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या गटाने मुंबई आणि कराचीच्या त्या जुन्या नोंदी संगणकावर तपासल्या. पाणी मकरानच्या उथळ किनारपट्टीत अडकून तिथेच मागेपुढे होत राहिले, म्हणून काही ठिकाणी मोठ्या लाटा उशिरा आल्या आणि पाणी बराच वेळ शांत झाले नाही, असे त्यांना दिसले. याचा साधा व्यवहारी अर्थ असा की पहिली लाट ओसरली म्हणून होडी बघायला किनाऱ्यावर परत जायचे नाही. एवढे ठामपणे कळायला सहासष्ट वर्षे लागली, आणि मधल्या प्रत्येक पिढीत कोणीतरी आपल्या टेबलावर बसून राहिले म्हणून कळले.

असे बसून राहणे आज कोणाला परवडते? गिरगावातल्या मुलीला घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये भूशास्त्र शिकता येते. पण बारावीला चांगले गुण मिळाले की घरात मेडिकल आणि इंजिनिअरिंग यांखेरीज तिसरा शब्द निघत नाही, आणि यात पालकांचा फार दोष नाही. पीएच.डी. होईपर्यंत तिशी गाठायची, नंतर बहुधा तीन वर्षांच्या प्रकल्पावर काम करायचे, प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. शतकात एखाद्या वेळी हलणाऱ्या भूपट्टाचा अभ्यास तीन वर्षांच्या हप्त्यांनी करायला लावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. साथरोगांवर लक्ष ठेवणारी माणसे आपण साथ नसतानाही पगारावर ठेवतो. इथेही कायम पदेच हवीत.

इशाऱ्याची यंत्रणा आता आहे. हैदराबादचे सुनामी केंद्र २००७ पासून सुमात्रा आणि मकरान या दोन्ही बाजूंवर नजर ठेवते. मकरानला मोठा धक्का बसला तर मुंबईला काही मिनिटांत कळेल आणि बाकीचे तास हातात राहतील. ते वापरायचे कसे, हे मात्र हैदराबादहून ठरत नाही. दोन मीटरची लाट लालबाग-परळच्या चाळींपर्यंत बहुधा येणार नाही. पण त्याच चाळींतली माणसे अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही गिरगावच्या पाण्यात कमरेइतकी उभी असतात. त्या गर्दीला कोणी, कोणत्या भोंग्यावरून, काय सांगायचे? वाळकेश्वरच्या चढाकडे जाणारा कोणता रस्ता मोकळा ठेवायचा? ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या किनाऱ्यावरच्या गावांनी धोक्याचे नकाशे, बाहेर पडण्याचे रस्ते आणि सराव हे सगळे करून २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाची ‘सुनामी-सज्ज’ ही मान्यता मिळवली. वरळी आणि माहीमच्या कोळीवाड्यांपासून मुंबईला ही सुरुवात करता येईल. पुढच्या गणेशोत्सवाच्या बंदोबस्ताच्या बैठकीत पोलीस आणि महापालिकेबरोबर एका भूशास्त्रज्ञालाही बोलवावे.