नंबर तुमचा, पण नाव कोणाचं?
एकोडी ग्रामस्थांना तातडीचं आवाहन



आपल्या साकोलीचे आमदार नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ साली ते खासदार असताना त्यांचा फोन चोरून ऐकला गेला आणि कागदोपत्री तो नंबर कुण्या ‘अमजद खान’चा दाखवला गेला. पुण्यात गुन्हा नोंदला गेला, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पक्षाचं राजकारण घडीभर बाजूला ठेवा. खासदारालाच इतक्या वर्षांनी कळतं, तिथे तुमची-आमची काय कथा?

२०२३ च्या दूरसंचार कायद्यातही हेच चालू आहे. गृहसचिवांच्या आदेशावर फोन ऐकता येतो. आदेश साठ दिवसांचा, वाढवत १८० दिवसांपर्यंत. तो तपासणारी समितीही सचिवांचीच. त्यात न्यायाधीश नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कळवण्याची तरतूदही नाही.

आपल्यावर मात्र कायदा कडक आहे. खोट्या ओळखीवर सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. तुमच्या आधारवर दुसऱ्याच कुणी सिम काढून फसवणूक केली, तरी पोलीस आधी तुमच्याच दारात येणार. आणि आधारची झेरॉक्स आपण कुठे देत नाही? धानाची नोंदणी, पीक विमा, लाडकी बहीण, सगळीकडे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झाला, पण त्यातले आपले मुख्य हक्क २०२७ मध्ये लागू व्हायचे आहेत. तोवर राखण आपणच करायची.

म्हणून आजच ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहा. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नंबर नाही’ अशी तक्रार तिथेच करा. म्हाताऱ्या आईबाबांचंही तपासा. घरातल्या कॉलेजच्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं. सिम घेताना ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं, तर आधी कारण विचारा, तुमच्या नावावर दुसरं सिम तर निघत नाही ना ते पाहा. आधारच्या झेरॉक्सवर तारीख आणि काम लिहून सही करा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा.

आणि येत्या ग्रामसभेला या. फोन ऐकण्याच्या आदेशावर न्यायाधीशाची नजर असावी आणि चौकशी संपल्यावर त्या माणसाला कळवावं, असा ठराव आपण मांडू. तो आमदार-खासदारांच्या हाती देऊ आणि पोच घेऊ.