माजी विद्यार्थ्यांचा आजी उपयोग

हल्ली दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या विट्यात कुठल्या ना कुठल्या बॅचचा स्नेहमेळावा असतोच. फेटे बांधायचे, जुन्या गुरुजींना शाल-श्रीफळ द्यायचं, आपल्या जुन्या बाकावर बसून फोटो काढायचा, जेवायचं आणि संध्याकाळी आपापल्या गाडीनं परत. नंतर महिनाभर व्हॉट्सअॅपवर फोटो, मग रोजचं 'सुप्रभात'. मी निवृत्त शिक्षक, वर्षाकाठी एक-दोन शाली मलाही मिळतात, तेव्हा तक्रार करायला मला तसं तोंड नाही! पण एक प्रश्न मनात घोळत राहतो. एकत्र शिकल्याचं हे नातं पुढं कुणाच्या, कशाच्या कामाला येतं?

अमेरिकेत या नात्याची रीतसर संस्थाच झालेली आहे. 1776 साली तिथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कॅपा' नावाचं मंडळ काढलं. पुढं अशी ग्रीक अक्षरांच्या नावांची मंडळं कॉलेजाकॉलेजात निघाली. त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात, म्हणजे बंधुमंडळ. एकदा सभासद झालं की ते जन्माचं. परक्या शहरात गेलं तरी आपल्या मंडळाचा माणूस ओळख देतो, मदत करतो. अर्थात नव्या मुलाला छळून मग आत घ्यायचं, हा वाईट प्रकारही त्यात शिरला. आपण हसायला नको, रॅगिंग थांबवायला महाराष्ट्रालाही 1999 साली कायदा करावा लागलाच.

आता म्हणाल, आपल्याकडं असं काही नाही. मला वाटतं आहे, आणि जास्त मोलाचं आहे. आपल्याकडं त्याला बोर्डिंग म्हणत.

1901 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका छताखाली ठेवली. एकत्र राहायचं, एकत्र राबायचं, एका पंगतीला जेवायचं. 1927 साली गांधीजींनी हे बोर्डिंग पाहिलं होतं. या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे वहिनींनी, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं, ही गोष्ट आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही.

तर मुद्दा असा, की त्या बोर्डिंगातून बाहेर पडलेल्यांचं नातं टिकलं ते कशामुळं? बॅरिस्टर पी. जी. पाटील याच बोर्डिंगात वाढले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन रयतच्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. वर गेलेला माणूस खाली हात द्यायला परत आला. माझ्या लेखी माजी विद्यार्थी याला म्हणायचं.

मी स्वतः 1968 ते 1972 साताऱ्याला 'कमवा आणि शिका' योजनेत शिकलो. सकाळी खुरपं, दुपारी कॉलेज, रात्री अभ्यास. आमच्या खानापूर तालुक्यात तेव्हा पावसाची बोंबच, घरून मनिऑर्डर यायचा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्गातला मुलगा स्वतःची पुस्तकं मागच्याला देऊन जायचा. परीक्षेच्या फीला चार जण मिळून पैसे घालायचे. बी. ए. झालो आणि एक दिवस पोस्टकार्ड आलं. दोन वर्षं आधी बाहेर पडलेल्या एका मित्रानं लिहिलं होतं, 'इथं मराठीची जागा निघाली आहे, अर्ज घेऊन ये, मुक्कामाला माझ्या खोलीवर ये.' बस्स, एवढंच. मुलाखत मी दिली, नोकरी मला माझ्या गुणांवर मिळाली. पण ते पंधरा पैशांचंही नसलेलं कार्ड आलं नसतं, तर जागा आहे हे मला कळलं कधी असतं? पुढं मीही अशी कार्डं पुष्कळ टाकली.

हे कॉलेजातच शिकायला मिळतं असंही नाही बरं का. आमच्या विट्या-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं बघा. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. दुष्काळानं गाव सोडून ही माणसं पार केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरली. गावातलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर एखाद्या भाऊच्या, मामाच्या नाहीतर नुसत्या गाववाल्याच्या दुकानी जातं, भट्टीवर काम शिकतं आणि काही वर्षांनी त्याच लोकांच्या आधारानं स्वतःचं दुकान टाकतं. मेळावा नाही, फेटा नाही. आम्हा पदवीधरांपेक्षा हे कमी शिकलेले लोक या बाबतीत शहाणे निघाले, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, गुरुजी, हा तर वशिला झाला. तसं नाही. जागा आहे हे सांगणं, राहायची सोय करणं, अर्ज कसा भरायचा ते दाखवणं ही मदत. लायक माणसाला डावलून आपला माणूस घुसवणं हा वशिला. आणि 'आपला' म्हणजे फक्त आपल्या जातीचा असं झालं, तर कर्मवीरांनी मांडलेली पंगत आपणच उठवली म्हणायची.

आणखी एक गोष्ट खटकते. आमच्या वर्गात मुली होत्या, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण होत्या. मेळाव्याच्या यादीत त्या सापडत नाहीत. लग्न झालं, आडनाव बदललं, गाव बदललं, की त्या जणू शिकल्याच नव्हत्या! त्यांच्या माहेरी एक फेरी मारली तर पत्ता मिळतो, पण तेवढी तोशीस कोण घेणार? अर्धी माणसं बाहेर ठेवून स्नेह कसला आणि मेळावा कसला?

अलीकडं कॉलेजांच्या नॅक मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण असतात. त्यामुळं संघटना नोंदवल्या जातात, बैठकांचे फोटो फाइलला लागतात. चांगलंच आहे. पण आज आपल्याकडचं एखादं पोर स्पर्धा परीक्षेसाठी किंवा इंजिनिअरिंगला पुण्यात उतरतं, तेव्हा पहिले चार दिवस कुठं राहावं हे त्याला ठाऊक नसतं. त्याच पुण्यात आपल्याच शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी बंगल्यात राहत असतात. दोघांची गाठच पडत नाही.

काही जण म्हणतात, 'आम्हाला कुणी मदत केली? आम्ही स्वतःच्या जिवावर वर आलो.' आले असतील. पण जरा आठवून बघा, कुणाची तरी वही, कुणाची तरी सायकल, कुणाच्या तरी आईची भाकरी वाटेत लागलीच असेल.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक बॅचनं एक कागद करावा. त्यावर तीन रकाने : कोण कुठल्या शहरात आहे, काय काम करतो किंवा करते, आणि नव्या मुलाला काय देऊ शकेल – चार दिवसांचा मुक्काम, एका वर्षाची फी, की नुसता अर्धा तास फोनवर सल्ला. तो कागद दहावी-बारावीच्या वर्गात लावावा आणि दर वर्षी नवा करावा. शाळेला कमान बांधून देण्यापेक्षा याला खर्च कमी येतो. फोटोही निघत नाही, हे मात्र खरं.

पटलं तर पुढच्या सुट्टीत करून बघा.