नळाच्या हिशेबाबाहेरची घरे

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारे गोवा हे देशातील पहिले राज्य ठरले. ग्रामीण भागातील सुमारे २ लाख ६३ हजार घरांत नळ पोहोचल्याची ती नोंद होती आणि तिला ग्रामसभांच्या ठरावांचा आधार होता. यश लहान नाही. प्रश्न आहे तो या हिशेबात ‘घर’ कशाला म्हटले, याचा.

२०११ च्या जनगणनेने राज्यातील ५६ गावांना शहर मानले. त्यांचा कारभार मात्र पंचायतींकडेच राहिला. सांकवाळ, चिंबल यांसारख्या अशा गावांत मजुरांच्या दाट वस्त्या आहेत. मजुरीसाठी उत्तर कर्नाटकातून गोव्यात आलेल्यांत लमाणी पुष्कळ. कर्नाटकात ते अनुसूचित जातींत मोडतात; गोव्याच्या पाच जातींच्या यादीत त्यांचे नाव नाही. सीमा ओलांडताच दाखला निरुपयोगी ठरतो, जात मात्र सोबत येते. मग अनुसूचित जातींचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी, तेव्हा गोव्यात हा प्रश्नच नाही, असे म्हणणे सोपे जाते.

पूर्वी पाणवठ्यावर अडवणारा माणूस समोर दिसत असे. आता घर क्रमांक, भोगवटा दाखला, जमीनमालकाची ना-हरकत असे कागद अडवतात. यांपैकी एकाही कागदावर जात विचारलेली नसते. पण जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे राहिली, हे ज्या राज्याला १९७५ मध्ये मुंडकार कायदा करावा लागला त्याला सांगायला नको. देशपातळीवर २०११ मध्ये ४६.६ टक्के कुटुंबांना घराच्या आवारातच पिण्याचे पाणी मिळत होते. अनुसूचित जातींत हे प्रमाण ३५.४ टक्के होते.

ग्रामसभेत बसतो तो त्या पंचायतीचा मतदार. ज्याचे नाव यादीत नाही, त्याचा नळ कोरडा असला तरी ठराव एकमताने होतो. ठराव आणि पाणी यांतले अंतर आपल्याला नवे नाही: महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये ठरावाने खुले केले, तरी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

घर बेकायदा आहे एवढ्यावरून पाणी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईतील झोपडपट्ट्यांविषयी स्पष्ट केले. अधिकृत रहिवाशांइतकेच पाणी द्यावे, असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. जास्त दर आकारण्याचीही मुभा दिली. हेच गोव्याचेही उच्च न्यायालय आहे.

२०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. पाण्याचा प्रश्न घरयादीत असतो आणि ती घराचा भोगवटा दाखला मागत नाही. पाणी आणि जात यांचे आकडे वस्तीनिहाय एकत्र मांडून प्रसिद्ध करावेत, ही मागणी आताच व्हायला हवी.