प्रतिज्ञेला वार नेमून द्या

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास पूज्य बाबासाहेबांनी लाखो बंधुभगिनींकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सत्तावीस लाखांवर गेली. हा आकडा धर्मांतराचा झाला. आचरणाची शिरगणती कोणीही प्रगणक करीत नाही; ती ज्याची त्याने आपल्या घरात करावयाची असते.

जालना जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांनो, आपण पांढरी वस्त्रे परिधान करून दीक्षा घेतली, घरातील देव्हारा हलविला. पुढच्या भाद्रपदात काय झाले? पितृपंधरवड्यात ‘म्हातारीच्या समाधानासाठी’ म्हणून पान वाढले गेले काय? हळदीच्या रात्री मागील दाराने बाटली आली काय? प्रश्न कडू आहे, परंतु विचारणे भाग आहे. ज्यांच्या हातून हे घडले त्यांना आम्ही लबाड म्हणणार नाही. त्यांचा निश्चय खरा होता. मात्र त्या निश्चयाला घरात ना जागा होती, ना दिवस. जुन्या रूढीला तिथी होती, नैवेद्य होता, बोलवावयास भावकी होती. मग जय कोणाचा होणार?

म्हणून जे सोडले त्याच्या जागी काही नेमून ठेवा. श्राद्ध सोडले, तर वडिलांच्या स्मृतिदिनी घरातील सर्वांनी एकत्र बसून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची दोन पाने वाचावीत. रविवारी दिवेलागणीस त्रिसरण-पंचशील म्हणावे. दोनच माणसे असली तरी म्हणावे, आणि ते लेकरांनी सांगावे.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणाऱ्यांची अडचण निराळी. फडात रविवार कसला? तेथे वाराऐवजी रोजच्या कामाला प्रतिज्ञा बांधावी. पहिली भाकरी तव्यावर पडण्यापूर्वी कोपीपुढे पंचशील व्हावे. दारूविषयी टोळीतील आपल्या तीन-चार घरांनी गाव सोडण्यापूर्वीच एकमेकांस शब्द द्यावा. फडावर गेल्यावर तो देणे कठीण पडते. मुलांचे हंगामी वसतिगृह दसऱ्यापूर्वीच शाळेत जाऊन विचारावे. मुकादमाची गाडी दारात उभी राहिल्यावर कोणास शाळा आठवते?

दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला होता. शंभरात पाच रुपये. महिनाअखेर उरेल ते देऊ असे म्हणणाऱ्यापाशी काहीच उरत नाही, हा आमचाही अनुभव आहे. मजुरी हाती पडताच आधी तेवढे बाजूस काढावे. उचलीतून मात्र काढू नये. उचल हे कर्ज आहे, उत्पन्न नव्हे. पैशाचा डबा घरातील आजीच्या स्वाधीन करावा आणि आषाढी पौर्णिमेस, वर्षावासाच्या प्रारंभी, टोळ्या गावी परतलेल्या असतात तेव्हा, विहारात सर्वांसमक्ष उघडावा.