‘शुद्धी’ म्हणू नका, ‘काढलं’ म्हणा

एखाद्या गोष्टीला धर्माचा रंग चढवला की त्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता पडत नाही. भगवेकरण, इस्लामीकरण, हिंदूकरण. प्रत्येक शब्दात आरोप आहे आणि वाचणाऱ्याला तो लगेच कळतो. उलटी क्रिया असेल, म्हणजे एखाद्या गोष्टीतून मुसलमानी खूण काढायची असेल, तर मात्र सोवळे शब्द पुढे येतात. भाषेतून काढली की भाषाशुद्धी. माणसातून काढली की शुद्धीकरण. गावाच्या नावातून काढली की अस्मिता. एनसीईआरटीनं बारावीच्या इतिहासातून मोगल दरबारावरचं प्रकरण काढलं, तेव्हा त्याला नाव मिळालं सुसूत्रीकरण.

माझी हरकत आधी या शब्दांना आहे, कृतीला नंतर. शुद्धी म्हटलं की तिथं घाण होती, हे वाद न घालताच मान्य होऊन जातं. मग काढणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. उलट ज्याचं काढलं, त्यालाच विचारलं जातं, की बाबा, तुला स्वच्छतेचं वावडं का?

सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्याच काळात धर्मांतरितांना परत हिंदू करून घेण्याचं कामही चालू होतं. त्यालाही शब्द शुद्धीच. शब्दाला जो नियम, तोच माणसाला. महापौर, दिनांक, हुतात्मा हे त्या चळवळीतून रुळलेले शब्द मीही वापरतो, चांगले आहेत. नवा शब्द घडवणं हे भाषेचं बळ आहे. पण ‘हुतात्मा’ घडवायला ‘शहीद’ला अशुद्ध ठरवण्याची गरज नव्हती. आज मराठीत दोन्ही शब्द सुखानं नांदतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश का करवून घेतला? प्रश्न रास्त आहे. महाराजांनी आपल्या राज्याच्या कारभारासाठी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय तयार करून घेतले. नवं राज्य उभं करणाऱ्यानं स्वतःची परिभाषा मागणं स्वाभाविकच आहे. पण तो कोश आहे. त्यात जुना शब्दही नोंदलेला आहे आणि नवाही. पुढं काय झालं तेही पाहा. अष्टप्रधानांत पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ हे नाव मिळालं, पेशव्यांच्या शिक्क्यावरही तेच राहिलं. लोकांच्या तोंडी मात्र पेशवा तो पेशवाच. फडणवीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावं तर आजही अभिमानानं मिरवली जातात. फारसी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन पुढं भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, पण त्यांचा कोश अभ्यासकांच्या उपयोगाचा राहिला. मराठीनं काय ठेवायचं ते मराठी बोलणाऱ्यांनी ठरवलं.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात तर शुद्धीवाल्याची फारच पंचाईत होईल. पत्ता लिहायला बसला तर मुक्काम, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द अरबीतून आलेले. शेतकऱ्याचे खरीप आणि रब्बीही अरबीतले, हंगाम फारसीतला. तहसीलला जाऊन अर्ज करावा, वकील गाठावा, फिर्याद द्यावी, तर एकही शब्द त्याच्या चाळणीतून पार पडत नाही. पिंपळगाव सराईत पिंपळ आपला आणि सराई फारसी. कुठलं अर्धं गाव पाडणार?

सिंदखेडराजा तालुक्यातलं साखरखेर्डा घ्या. 1724 साली इथं निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला. हैदराबादच्या निजामशाहीचा पाया या लढाईत घातला गेला. विजयाची आठवण म्हणून निजामानं गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिलं. जेत्याची हौस, दुसरं काय? मी तिचं समर्थन करणार नाही. लोकांनी ते नाव टिकू दिलं नाही, साखर परत आणली. आणि फारसीतला ‘शकर’ हा शब्द तरी कुठून गेला? इथल्याच ‘शर्करा’वरून. शब्द गेला, आला, गोड राहिला. त्यातला हिंदू किती आणि मुसलमान किती, हे कोणत्या तागडीत मोजायचं?

शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पातूरचं प्रकरण ताजं आहे. नगर परिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर वर मराठीत नाव आणि खाली उर्दूत. खालची ओळ काढा, म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयानं ती मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीतली आहे, असा निकालाचा आशय आहे. त्या फलकावर मराठीचं काहीच कमी झालेलं नव्हतं. खाली एक ओळ होती, जी गावातले काही लोक वाचू शकत होते. ती काढण्याला मराठीचा सन्मान म्हणणं म्हणजे मराठीच्या नावावर भलताच हिशोब लिहिणं.

आता आपल्या घरातलंही बोलू. आमच्यातही शुद्धीवाले आहेत. ते शुद्धी म्हणत नाहीत, ‘इस्लाह’ म्हणतात, म्हणजे सुधारणा. लग्नातली हळद काढा, दर्ग्यावरचा नारळ काढा, बोलण्यातली मराठी काढा, मग खरे मुसलमान उरतील, असा त्यांचा हिशोब. सैलानीबाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि संदलही निघतो. सर्व धर्मांचे लोक येतात. एका बाजूच्या सोवळ्यांना तिथला दर्गा खुपतो, दुसऱ्या बाजूच्यांना होळी. दोघांचं म्हणणं ऐकलं तर सैलानीत उरेल फक्त माळरान. तिथल्या अंधश्रद्धेवर, मनोरुग्णांच्या हालांवर जरूर बोला. ती माणसांची काळजी झाली. पण परक्याची खूण म्हणून काही काढायचं असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका.

भाषा बदलते, नावं बदलतात, ते कुणाला थांबवता येणार नाही. ज्याला बदलायचं आहे त्यानं उघड बोलावं: आम्ही हे काढतो आहोत, कारण हे मुसलमानांचं आहे आणि आम्हाला ते नको. हे वाक्य छापून येऊ द्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. मग त्यावर हात वर करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत ते नीट कळेल, आणि आम्हालाही त्याचं उत्तर देता येईल. ‘शुद्धी’ला उत्तर देताच येत नाही. तिथं बोलणारा आधीच अशुद्ध ठरलेला असतो.