गिअरची जागा हाताखालीच हवी

गाडीच्या गिअर लिव्हरकडे दोन कामे असतात. एक, वेग आणि चढ बघून गिअर बदलण्याचे. दुसरे, गाडी पुढे जाणार, मागे येणार की जागेवर अडकून राहणार हे ठरवण्याचे. साध्या गिअर बॉक्समध्ये दोन्ही कामे एकाच दांड्याने होतात, म्हणून ती वेगळी आहेत हे सहसा लक्षात येत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत पहिले काम यंत्राने उचलले. आता दुसरे काम काचेच्या पडद्याकडे निघाले आहे. पहिला बदल स्वागतार्ह आहे, दुसरा नाही. गॅरेजवाले, ड्रायव्हिंग स्कूलवाले आणि आयटीआयचे निदेशक यांनी हा फरक आताच स्पष्ट करून घेतला पाहिजे.

भारतात स्वस्त गाडीला एएमटी हा आपोआप बदलणारा गिअर मिळाला तो २०१४ मध्ये. त्या वर्षी फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली. तिच्यातला एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअर बॉक्स. क्लच प्लेट तीच, फोर्क तेच. फक्त क्लच दाबण्याचे आणि फोर्क सरकवण्याचे काम हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटर करतो आणि हुकूम कंट्रोल युनिट देते. किंमत फार वाढली नाही, मायलेज घटले नाही, म्हणून ही गाडी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. चंद्रपूरच्या कोळसा खाणींत अवजड डंपर तर कितीतरी आधीपासून क्लच पेडलशिवाय चालत आले आहेत. आपोआप बदलणाऱ्या गिअरची भीती बाळगण्याचे या भागात काही कारण नाही.

एएमटीच्या मर्यादा मात्र ग्राहकाला सांगायला हव्यात. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगाव घाट लागतो. भरलेली गाडी उतरताना लिव्हर डीवर ठेवला तर ब्रेकवर सगळा भार येण्याची शक्यता असते. तिथे लिव्हर मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर धरायचा आणि इंजिनाच्या ओढीवर उतरायचे, हे गाडी देतानाच समजावले पाहिजे. चढावर ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट जळते. ती बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचची नवी नोंद करून द्यावी लागते, नाहीतर नवी प्लेटही धक्के देते.

आता दुसरे काम. एएमटी असो वा बॅटरीवरची गाडी, लिव्हर आता दांडा राहिलेला नाही. तो स्विच आहे. त्याची जागा सेन्सर ओळखतो आणि तारेतून संदेश जातो. संदेशच द्यायचा तर तो गोल नॉबने, बटणाने किंवा पडद्यावर बोट फिरवूनही देता येतो, आणि कंपन्यांचा मोह इथूनच सुरू होतो. पडदा गाडीत असतोच. त्यावर आणखी एक चित्र काढायला वेगळा सुटा भाग लागत नाही, वायरिंग लागत नाही.

टेस्लाने २०२१ मध्ये मॉडेल एस आणि एक्समधून गिअरची दांडी काढून टाकली. ब्रेक दाबून पडद्याच्या कडेचे गाडीचे चित्र वर सरकवले की गाडी पुढे, खाली ओढले की मागे. कोणत्या दिशेला जायचे याचा अंदाज गाडीने स्वतः बांधण्याची सोयही आली. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात या कंपनीचे देशातले पहिले दालन उघडले. तिथे विक्रीला ठेवलेल्या मॉडेल वायमध्ये गिअर पडद्यावरच आहे. पडदा बंद पडला तर वापरायची बटणे डोक्यावरच्या पट्टीत आहेत. ती बटणे द्यावी लागली, यातच पडद्यावरचा भरवसा किती ते कळते. उलट चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत संदेश तारेतूनच जातो, तरी हाताखाली लिव्हर आहे. टाटाच्या २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत गोल नॉब होता. म्हणजे लिव्हर घालवणे ही तंत्राची गरज नाही.

गिअरच्या जागेचे महत्त्व उद्योगाने अपघातांतून शिकले आहे. अमेरिकेच्या नियमानुसार पुढच्या आणि मागच्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल असावाच लागतो, म्हणजे हात चुकला तरी गाडी थेट उलट्या दिशेला जात नाही. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जीप ग्रँड चेरोकीसह सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांचा लिव्हर ढकलला की पुन्हा मधल्या जागी येई, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला समजत नसे. त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन घराच्या उतारावर घसरत आलेली आपलीच ग्रँड चेरोकी आणि फाटकाचा खांब यांच्यात चिरडून मरण पावला. तिथे निदान हात ठेवायला लिव्हर तरी होता. सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही.

काचेकडे बघावेच लागते, आणि बघण्यात वेळ जातो. स्वीडनच्या ‘वी बिलएगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. रेडिओ, हवा, दिवे अशी ठरावीक कामे २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत १० सेकंदांत झाली, पडद्यावर चालणाऱ्या एमजी मार्व्हल आरला ४४.९ सेकंद लागले. यात गिअर नव्हता, हे खरे. पण पावसाळ्यात रपट्यावर पाणी चढताना दिसले आणि गाडी तातडीने मागे घ्यायची असली, तर नजर मागच्या रस्त्यावर हवी आणि हात गिअरवर. बोटे ओली असतात, काच ओली असते. बाजूला धानाच्या बांध्या. चाक उतरले की गाडी काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

उन्हाचा प्रश्न याहून मोठा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीच्या आत त्याहून किती तरी जास्त. मे २०२२ मध्ये टेस्लाला सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले, कारण फास्ट चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून पडदा कोरा पडू शकत होता. कोणता गिअर पडला आहे हेही त्याच पडद्यावर दिसते.

नियम अजून अपुरे आहेत. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि तातडीची मदत यांना खरी बटणे मागितली आहेत. त्या यादीत गिअर नाही, आणि तो असायला हवा. अमेरिकी नौदलाने हा धडा आधीच घेतला. २०१७ मध्ये सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेची टक्कर होऊन १० खलाशी मेले. पडद्यावरच्या नियंत्रणांचा गोंधळ चौकशीत पुढे आला आणि नौदलाने हाताचे थ्रॉटल परत आणायचे ठरवले.

राहिला गॅरेजचा भाग. जुन्या गाडीची बॅटरी उतरली तर न्यूट्रल करून चार माणसे ढकलत. तारेवरच्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी गेली की पडदा उठत नाही, पार्कचा खटका सुटत नाही. टोचन लावून ओढले तर मोटर किंवा गिअर बॉक्स खराब होण्याचा धोका असतो. चाके जमिनीला न लावता ती उचलूनच न्यावी लागते, आणि ती जिथे न्यायची ते नागपूर कोरचीहून दीडशे किलोमीटरहून दूर आहे. म्हणून अशी गाडी आवारात यायच्या आधीच तिच्या पुस्तिकेतून तीन गोष्टी काढून भिंतीवर लावाव्यात: बाहेरून १२ व्होल्ट द्यायची जागा, पार्क सोडवायची रीत आणि ओढण्याची मनाई कुठे आहे ते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये वाहन क्षेत्र आहे. स्कॅनरचे कोड आणि दुरुस्ती पुस्तिका स्वतंत्र गॅरेजला मिळाव्यात, ही मागणी संघटनांनी त्या आधारे लेखी करावी. आणि गाडी घेण्याआधी सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला सांगावे की गिअर आपोआप बदलणारी गाडी जरूर घ्या, पण डी, आर आणि पार्क न बघता हाताला सापडतील अशीच घ्या.