शेजारचे वाय-फाय आणि कायद्याचा बडगा

शेजाऱ्याच्या घरातले वाय-फाय पासवर्डविना उघडे आहे. भिंतीपलीकडे मोबाइलवर त्याचे नाव दिसते, बोट लावताच इंटरनेट सुरू होते. न विचारता ते वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण पोलीस ठाण्याची पायरी चढायची पाळी आली की तो क्षुल्लक राहत नाही. आणि या देशात ती पाळी आधी कोणावर येते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो बॉम्बस्फोटांच्या निमित्ताने. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तेथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि अतिरेक्यांनी तेच वापरले होते. त्याचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर संशयाचे बोट त्याच्याकडेच होते. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वाय-फायचाही असाच गैरवापर झाला. उघड्या वाय-फायचा धोका खरा आहे, हे आम्ही नाकारत नाही.

पण कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक नेटवर्कमध्ये शिरणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. आता आमचा सवाल असा की, इमारतीच्या जिन्यात बसून शेजारच्या वाय-फायवर परीक्षेचा निकाल पाहणारा रखवालदाराचा मुलगा अप्रामाणिक ठरतो काय? न्यायालय ठरवील, पण ते नंतर. आधी ठरवतो तो ठाण्यातला अधिकारी. शब्द मोघम असले की काय होते, ते याच कायद्याच्या कलम ६६-अ ने दाखवले आहे. २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, पण तरुणींना व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता.

'फुकट वापरणे म्हणजे चोरीच', असे म्हणणारे आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बिल शेजारी भरतो, वेग त्याचा कमी होतो आणि पोलीस येतात तेही त्याच्याच दारात. परंतु वाय-फाय स्टेशनवर, ग्रंथालयात, हॉटेलात मुद्दाम उघडे ठेवलेले असते. कोणते मुद्दाम उघडे आणि कोणते चुकून, हे मोबाइलच्या पडद्यावरून कळत नाही. जे कळायला मार्ग नाही, त्यासाठी तुरुंग कसा?

मग मालकालाच जबाबदार धरावे काय? जर्मनीने ते करून पाहिले. २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने उघडे वाय-फाय ठेवणाऱ्यावर जबाबदारी टाकली. परिणामी लोक वाय-फाय खुले ठेवायला कचरू लागले आणि २०१७ मध्ये कायदा बदलून ती जबाबदारी हलकी करावी लागली.

आमचे मत स्पष्ट आहे. पासवर्ड फोडून आत शिरला, कोणाची माहिती चोरली, फसवणूक केली, धमकी दिली, तर कठोर शिक्षा झालीच पाहिजे. मालकाने नको सांगूनही कोणी वापरत राहिला, तर त्याच्याकडून भरपाई घ्यावी. पण उघडे नेटवर्क नुसते वापरले म्हणून कोणाच्याही हातात बेड्या पडता कामा नयेत, आणि हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले पाहिजे.

मूळ दुखणे वेगळेच आहे. २०१८ मध्ये केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने स्टेशनच्या मोफत वाय-फायवर अभ्यास करून लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. हमाली करता करता तो कानाला इअरफोन लावून धडे ऐकत होता. तेच वाय-फाय शेजाऱ्याचे असते, तर तोच माणूस आरोपी ठरला असता! केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग मानला. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या आणि ज्यांच्या घरात इंटरनेट नव्हते ती मुले शाळेबाहेर राहिली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने सार्वजनिक वाय-फायसाठी पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. योजना कागदावर चांगली आहे. ती वस्तीतल्या वाचनालयात आणि समाजमंदिरात पोहोचली पाहिजे. तेथे हक्काचे इंटरनेट मिळाले, तर शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून बसायची हौस कोणाला आहे?

तोवर वाचकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या वाय-फायला आजच पासवर्ड लावा. सानपाड्याचा धडा विसरू नका. आणि शेजारचे पोर अभ्यासासाठी मागायला आले, तर त्याला तो पासवर्ड द्या.